आधी नळी, मग काडतूस: हरणाच्या शिकारीसाठी शॉटगनचा बार कसा निवडायचा

पहिल्या वर्षी मी दुकानातली सगळ्यांत महाग काडतुसं घेतली. पन्नास यार्डांवर पुठ्ठा लावला आणि पाच बार टाकले. दोन पुठ्ठ्याबाहेरच गेले. तीन लागले ते तीन कोपऱ्यांत, आणि त्यांतलं एक भोक तर गोलही नव्हतं. लांबट होतं, गोळी आडवी होऊन घुसल्यासारखं. ज्यांच्या मक्याच्या शेतात मला शिकारीची परवानगी मिळाली होती, ते शेजारचे सत्तरीतले आजोबा बाजूला दुर्बीण घेऊन बसले होते. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली, डबा उचलून वाचला आणि विचारलं, "तुझी नळी गुळगुळीत आहे ना? मग हे कशाला आणलंस?"

काडतुसं उत्तम होती आणि बंदुकीतही काही खोट नव्हती. दोघांची जोडी जमत नव्हती, एवढंच. हरणासाठी शॉटगनचं, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचं, काडतूस निवडताना होणाऱ्या चुकांतल्या निम्म्या इथेच होतात. माणूस डब्यावरचं चित्र बघतो, वेगाचा आकडा बघतो, किंमत बघतो, पण घरातल्या बंदुकीच्या नळीत डोकावत नाही.

मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात राहतो. इथे डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी शॉटगनचा पहिला हंगाम सुरू होतो. तो पाच दिवसांचा असतो, आणि मग थोड्या दिवसांनी दुसरा, नऊ दिवसांचा. शिकार व्हाइटटेलची, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. मका-सोयाबीन खाऊन ही हरणं भरपूर वाढली आहेत. रात्री रस्त्यावर गाडीसमोर येतात, शेतात नुकसान करतात, आणि त्यांची संख्या आटोक्यात ठेवायला सरकार दरवर्षी परवाने देतं.

गावाकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळ, सांबर, काळवीट, भेकर, कशाचीही शिकार हा गुन्हा आहे आणि तो असावाच. हा लेख तिथल्यासाठी नाही. योगायोग असा, की १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या कुणालाही आयोवात शिकारीचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. मी तो कोर्स केला. वर्गात सगळ्यांत मोठा विद्यार्थी मी होतो, बाकी बहुतेक बारा-तेरा वर्षांची पोरं.

दुसरी गोष्ट इथल्या मराठी मंडळींसाठी, आणि ती काडतुसाच्या आधीची आहे. एच-वन-बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूकच काय, काडतूससुद्धा जवळ बाळगणं गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू असलेला शिकार परवाना. म्हणून क्रम उलटा लावू नका. आधी परवाना, मग दुकान. ग्रीनकार्डवाल्यांना ही अट नाही. ऑफिसातला मित्र शनिवारी सहज "चल रेंजवर" म्हणतो, तेव्हा हे कुणाच्याच डोक्यात नसतं.

रायफल सोडून शॉटगन का

अमेरिकेच्या पश्चिमेत आणि डोंगराळ भागात हरणासाठी रायफलच वापरतात. पण आयोवा, इलिनॉय, ओहायोसारखी सपाट, शेताला शेत लागून असलेली राज्यं, किंवा न्यू जर्सी-मॅसॅच्युसेट्ससारखी दाट वस्तीची राज्यं इथे वर्षानुवर्षं नियम एकच: हरणाला शॉटगन. कारण रायफलची गोळी चुकली तर मैल-दोन मैल जाऊ शकते. शॉटगनची जाड, बोथट गोळी लवकर मंदावते.

हे कारण पटतं, पण ते पूर्ण खरं नाही. २००७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळाने याचा अभ्यास करून घेतला. नळी वर करून, ३५ अंशांच्या कोनात बार गेला तर रायफलची गोळी बरीच लांब जाते, हे त्यात दिसलंच. पण बार जमिनीला समांतर गेला, तर शॉटगनची जड गोळी जमिनीवर आपटून उसळते आणि काही वेळा रायफलच्या गोळीच्याही पुढे जाते. त्यामुळे "शॉटगन आहे, काय होतंय" असं म्हणणाऱ्याबरोबर मी रानात जात नाही. हरणाच्या मागे काय आहे, ते आधी बघायचं. गोळी हरणाच्या आरपार जाते, हे गृहीत धरूनच.

आता हे नियमही सैल होत आहेत. ओहायोने २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी निमुळती न होणाऱ्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. आयोवातही काही वर्षांपूर्वी तशी मिळाली. तरी लोकांच्या गॅरेजमध्ये बापजाद्यांच्या शॉटगन पडलेल्या असतात आणि पहिली शिकार बहुधा त्यांच्यावरच होते.

बारा म्हणजे कशाचे बारा

कोकणात माकडं-डुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना "बारा बोअर" हा शब्द ओळखीचा असेल. अमेरिकेत त्यालाच बारा गेज म्हणतात. पण हा बारा ना इंच, ना मिलिमीटर. एक पौंड शिसं घ्या आणि लाडू वळावेत तसे त्याचे बारा सारखे गोळे वळा. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा गेजची. व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. त्याच पौंडाचे वीस लाडू केले तर प्रत्येक लहान होणार, म्हणून वीस गेजची नळी बारापेक्षा बारीक, १५.६ मिलिमीटर. आकडा वाढला की भोक लहान, हे नव्या माणसाला उलटं वाटतं ते यामुळे. या घराण्यात एकच उपरी आहे, फोर-टेन. तिचा आकडा लाडवांचा नाही, सरळ इंचांतला आहे: ०.४१० इंच.

हरणासाठी बारा आणि वीस हे दोनच आकडे लक्षात ठेवले तरी चालेल. फोर-टेन बऱ्याच ठिकाणी कायद्यात बसते आणि हलकी म्हणून पोरांच्या हातात दिली जाते. मला हे कधीच पटलं नाही. तिच्या गोळीत शिसं जेमतेम पावणेसहा ग्रॅम. बारा गेजमध्ये साधारण अठ्ठावीस. ज्याचा नेम सगळ्यांत कच्चा, त्याच्या हातात सगळ्यांत कमी ताकदीचा बार द्यायचा आणि मग जखमी हरणामागे अंधारात फिरायचं, यात पोराचं काय भलं आहे? पोराला वीस गेज द्या.

काडतुसाची लांबी हा दुसरा आकडा: पावणेतीन इंच, तीन इंच किंवा साडेतीन इंच. नळीवर कोरलेलं असतं, बहुधा बुडाजवळ: "१२ गेज, ३ इंच" वगैरे. तीन इंचाच्या बंदुकीत पावणेतीनचं काडतूस चालतं. उलट चालत नाही. आणि फसवणूक अशी, की ते आत बसतं. कारण डब्यावरची लांबी बार उडाल्यानंतरच्या उघडलेल्या काडतुसाची असते. उडण्याआधी त्याचं तोंड आत दुमडलेलं असल्याने ते आखूड दिसतं. पावणेतीनच्या जुन्या दुनळीत तीन इंची काडतूस आरामात जाईल, पण चाप ओढल्यावर तोंड उघडायला जागाच उरणार नाही आणि आतला दाब भलताच वाढेल. आजोबांच्या काळातली बंदूक मिळाली असेल, तर आधी ती बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

आणखी एक धोका. तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वीस गेजचं काडतूस बारा गेजच्या बंदुकीत टाकलं तर ते घरंगळत पुढे जातं आणि नळीत थोड्या अंतरावर अडकतं. मागून बघितलं तर काडतूस बसण्याची जागा, म्हणजे घर, रिकामं दिसतं. माणसाला वाटतं, भरायचंच राहिलं. तो बाराचं काडतूस भरतो आणि चाप ओढतो. पुढची नळी बंद असते. नळी फुटते, आणि ती फुटते डाव्या हाताच्या अगदी जवळ. म्हणून वीस गेजची काडतुसं पिवळीच बनवायची पद्धत आहे. लाल, हिरवं, काळं बाराचं काहीही असो, पिवळं दिसलं की वीस. दोन्ही काडतुसं एकाच खिशात कधी ठेवायची नाहीत. शेजारच्या त्या आजोबांच्या घरी तर वेगवेगळ्या रंगांची जाकिटंच आहेत, एक बाराचं, एक विसाचं.

छर्रे की एकच गोळी

पाखरांच्या काडतुसात मोहरीएवढे शेकडो छर्रे असतात. ते हरणासाठी नाहीत. कायद्यातही नाहीत आणि माणुसकीतही नाहीत. हरणासाठी दोनच रस्ते: मोठे छर्रे किंवा एकच जड गोळी. मोठ्या छर्ऱ्यांना इथे बकशॉट म्हणतात, गोळीला स्लग.

बकशॉटमध्ये सगळ्यांत खपणारा आकार म्हणजे दोन शून्य, बोलीत "डबल ऑट". काबुली हरभऱ्याएवढा छर्रा, व्यास ८.४ मिलिमीटर, वजन साडेतीन ग्रॅम. पावणेतीन इंचाच्या नेहमीच्या काडतुसात असे नऊ. तीन शून्य म्हणजे त्याहून मोठा, ९.१ मिलिमीटरचा. उलट चार नंबरचा बकशॉट तुरीच्या दाण्याएवढा, एका काडतुसात सत्तावीस. आपल्याकडे ब्रिटिशांच्या वेळची नावं अजून चालतात. जुन्या लोकांच्या तोंडी असलेलं एस.जी. म्हणजे जवळपास हे दोन शून्य, आणि एल.जी. म्हणजे तीन शून्य.

ऐकायला छान वाटतं: एका बारात नऊ गोळ्या, एक तरी लागेलच. इथेच गणित मांडून बघावं. साध्या बकशॉटचे छर्रे यार्डामागे साधारण एक इंच पसरतात. दहा यार्डांवर दहा इंचांचा घेर, तीस यार्डांवर तीस इंचांचा. हरणाची छाती, म्हणजे काळीज आणि फुप्फुसं असलेला भाग, जेवणाच्या कागदी प्लेटएवढा. आठ-नऊ इंच धरू. तीस इंचांच्या वर्तुळात नऊ इंचांचं वर्तुळ म्हणजे क्षेत्रफळाचा अकरावा हिस्सा. नऊ छर्ऱ्यांतला एकसुद्धा वाट्याला येत नाही. मध्यभागी छर्रे जरा दाट पडतात, म्हणून दोन-तीन लागतीलही. पण उरलेले पोटात, पायात, मांडीत. ते हरीण मरतं, पण दोन दिवसांनी आणि दुसऱ्याच कुणाच्या बांधावर.

म्हणून बकशॉट ही पंचवीस यार्डांच्या आतली गोष्ट. अमेरिकेच्या आग्नेयेला, व्हर्जिनिया-कॅरोलिनाकडे, कुत्र्यांनी दाट झाडीतून हुसकलेलं हरीण वीस पावलांवरून पळत जातं, तिथे तिचा उपयोग आहे. काही नव्या काडतुसांत छर्ऱ्यांभोवतीची प्लॅस्टिकची वाटी पुढून न उघडता मागून उघडते, त्यामुळे छर्रे जास्त वेळ एकत्र राहतात आणि पल्ला चाळीस यार्डांपर्यंत जातो. पण तो तुमच्या नळीतून तसा जातो का, हे कागदावर मारून बघितल्याशिवाय कळत नाही. आयोवात आणि ओहायोत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे हरणासाठी छर्ऱ्यांना बंदी आहे. फक्त स्लग. न्यू जर्सीत बकशॉट चालतो. राज्य बदललं की नियम बदलतो, आणि तो दरवर्षीच्या नियमपुस्तिकेतच बघायचा. दुकानदाराच्या तोंडी नियमावर जाऊ नका.

स्लगची नावं कुणी ठेवली देव जाणे

आता मूळ मुद्दा, ज्यात माझे पैसे गेले.

शॉटगनच्या नळ्या दोन जातींच्या. एक आतून काचेसारखी गुळगुळीत. दुसरीला आतून आटे पाडलेले, स्क्रूला असतात तसे, पण खूप लांब वळणाचे. आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गुळगुळीत नळीत फिरवणारं काहीच नाही, तिथे गोळीला दुसऱ्या कशाने तरी सरळ ठेवावं लागतं.

हे "दुसरं काहीतरी" शोधणारा पहिला नामवंत माणूस जर्मन, विल्हेल्म ब्रेनेके. १८९८ मध्ये त्याने शिशाच्या भरीव गोळीच्या बुडाला हलकं बूच पक्कं जोडलं. पुढे जड, मागे हलकं. हवेत गोळी आपोआप तोंड पुढे करून जाते. बॅडमिंटनचं शटल कसंही मारलं तरी बूचच पुढे येतं, तसंच. १९३१ मध्ये कार्ल फॉस्टर या अमेरिकन माणसाने हेच सोप्या रीतीने केलं. त्याने गोळी मागून पोकळ ठेवली, अंगुस्तानासारखी. शिसं सगळं तोंडाकडे, शेपूट पोकळ. आज अमेरिकेत सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विकला जाणारा स्लग हाच. बारा गेजमध्ये एक औंसाचा, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. जवळपास अडीच तोळे शिसं, सेकंदाला सोळाशे फूट वेगाने.

फॉस्टरच्या गोळीच्या अंगावर तिरप्या रेघा असतात. त्या बघून लोकांनी तिचं नाव ठेवलं "रायफल्ड स्लग". लोकांना वाटतं, या रेघांनी गोळी फिरते. फारशी फिरत नाही. त्या रेघांचा खरा उपयोग असा, की नळीचं तोंड आवळलेलं असलं तर मऊ शिसं तिथे दबून निघून जावं. आणि आता गंमत बघा: रायफल्ड स्लग हा गुळगुळीत नळीसाठी आहे, आणि आटे पाडलेल्या, म्हणजे खरोखर रायफल्ड नळीसाठी आहे तो सॅबो. ज्याने ही नावं ठेवली त्याला एकदा भेटायचं आहे मला.

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकचा जोडा. डब्यावर शेवटी ट असतो, पण शब्द फ्रेंच, उच्चार सॅबो. नळीच्या भोकापेक्षा बरीच बारीक, टोकदार गोळी या जोड्यात बसवलेली असते. जोडा आट्यांना घट्ट पकडतो, गोळीला फिरवतो, आणि बाहेर पडल्यावर पाकळ्यांसारखा उघडून गळून पडतो. गोळी हलकी, साधारण एकोणीस ग्रॅम, पण वेग दोन हजार फुटांच्या आसपास, आणि हवेत मंदावते कमी. चांगल्या आटेदार नळीतून दीडशे यार्डांपर्यंत ती भरवशाची असते.

गुळगुळीत नळीत हीच गोळी टाकली की जोड्याला पकडायला काही नसतं. गोळी फिरत नाही, जोडा वेळेवर सुटत नाही, आणि गोळी कोलांट्या खात जाते. माझ्या पुठ्ठ्यावरचं लांबट भोक ते हेच. मी दोन डबे आणले होते. उरलेला डबा आजोबांनी आपल्या आटेदार नळीच्या बंदुकीत टाकून शंभर यार्डांवर मारला. तीन भोकं, तिन्हींवर माझा तळवा झाकून बसला. मग त्यांनी मला एक फॉस्टरचा डबा दिला, माझ्या काडतुसांच्या निम्म्याहून कमी किमतीचा. पन्नास यार्डांवर माझ्या त्याच गुळगुळीत नळीने चार इंचांत तीन बार बसवले.

उलट चूक केली तर? आटेदार नळीतून फॉस्टर मारला तर काही फुटत नाही. पण मऊ शिसं आट्यांत भरत जातं आणि पाच-दहा बारांनंतर नेम बिघडतो. मग ती नळी ब्रशने घासत बसायची. मी एकदा दुसऱ्याची घासली आहे.

नळी कशी ओळखायची? बंदूक उघडून, घर आणि मॅगझिन दोन्ही रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासून, नळी सुटी करा आणि उजेडाकडे धरून आत बघा. आटे असतील तर स्पष्ट दिसतात. फक्त तोंडाकडच्या दोन-तीन इंचांत दिसले, तर ती आट्यांची चोक-नळी आहे, पुढे फिरवून बसवलेली. अशा बंदुकीत सॅबो कधी जमतो, कधी जमत नाही. मारूनच बघावं लागतं.

चोक म्हणजे नळीचं तोंड किती आवळलं आहे ते. बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवला की धार लांब जाते, तसं छर्ऱ्यांचं होतं. स्लगला याची गरज नाही. फॉस्टरसाठी सिलिंडर, म्हणजे अजिबात न आवळलेलं, किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग आवळलेलं तोंड ठेवावं. बदकांसाठी लावलेला फुल, म्हणजे पुरता आवळलेला, चोक काढायला विसरू नका. पाखरांच्या हंगामानंतर लगेच हरणांचा हंगाम येतो आणि हे दरवर्षी कुणाचं तरी राहतं.

शंभर यार्डांवर

फॉस्टर स्लग नळीतून सोळाशे फुटांनी निघतो, पण शंभर यार्डांपर्यंत पोचेस्तोवर साडेनऊशेच्या आसपास येतो. पन्नासवर नेम बरोबर जुळवला असेल, तर शंभरवर गोळी पाच-एक इंच खाली लागते. पाच इंच म्हणजे प्लेटचा अर्धा भाग. काळजावर धरलेला नेम पायावर जाईल. त्यात बहुतेक साध्या शॉटगनला नेमासाठी टोकावर एक पितळी माशी, म्हणजे छोटा मणी असतो, बास. तेवढ्यावर पन्नास-साठ यार्ड हीच प्रामाणिक मर्यादा. मागे-पुढे दोन्ही साइट, म्हणजे नेमाच्या खुणा, बसवल्या किंवा छोटी दुर्बीण लावली तर पाऊणशे-शंभर.

आयोवात पुष्कळ जण गटाने शिकार करतात. चार जण ओढ्यातली झाडी पिंजत येतात, चार जण टोकाला उभे. हरीण चाळीस यार्डांवरून निघतं. तिथे दीडशे यार्डांच्या सॅबोचं करायचं काय? मचाणावर एकटं बसून कापलेल्या सोयाबीनच्या मोकळ्या रानाकडे बघायचं असेल, तर आटेदार नळी आणि सॅबोचे पैसे वसूल. शिकार कशी करणार, हे ठरलं की नळी ठरते आणि नळी ठरली की काडतूस.

साडेतीन इंची, "मॅग्नम" लिहिलेली काडतुसं मी घेत नाही. बारा गेजचा पावणेतीन इंची फॉस्टर हरणाला पुरून उरतो. काडतुसात भरलेल्या जास्त दारूचा फायदा हरणापेक्षा आपल्या खांद्याला जास्त जाणवतो. तीन बारांनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो आणि त्याला ते कळतही नाही. आजोबांनी माझी परीक्षा घेतली ती अशी: बंदूक ते भरायचे, मी बघायचं नाही. खऱ्या काडतुसांत मधेच एखादं नकली. नकलीवर चाप ओढला, बार झाला नाही, पण माझ्या नळीचं टोक चांगलं तीन बोटं खाली गेलं. मी स्वतः पाहिलं आणि गप्प बसलो. धक्का जड वाटत असेल तर वीस गेज घ्यायला लाजू नये. तिच्या एकवीस ग्रॅमच्या गोळीला हरीण काही गेज विचारत नाही.

शिशाचाही विचार करायला हवा. बदकांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीत शिशाला बंदी केली. हरणासाठी बाकी ठिकाणी शिसं चालतं, पण रानात टाकलेली आतडी गरुड खातात आणि त्यातल्या कणांनी मरतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांना वाटायच्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडल्यावर तो खिमा फेकून द्यायला सांगितलं होतं. त्याच वर्षी मिनेसोटात मेंढ्यांच्या धडांवर मारून तपासलं, तेव्हा शॉटगनच्या मंद, जड स्लगचे तुकडे वेगवान रायफलच्या गोळीपेक्षा कमी उडालेले दिसले. कमी, पण शून्य नाहीत. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तांब्याची गोळी बघा. बहुतेक तांब्याच्या गोळ्या सॅबोच्या जोड्यात येतात, म्हणजे पुन्हा आटेदार नळी आली. माझी नळी गुळगुळीत, म्हणून मी जखमेभोवतीचं हातभर मांस सरळ काढून टाकतो. तेवढा रस्सा कमी पडला तरी चालतो. हरणाचं मटण तसंही बिनचरबीचं. मंद आचेवर तीन तास ठेवलं नाही तर दाताखाली रबर येतं.

शेवटचं काम सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत कामाचं. दोन-तीन कंपन्यांचे पाच-पाचचे डबे आणायचे. रिमिंग्टन, फेडरल, विंचेस्टर, ब्रेनेके, जे मिळतील ते. टेबलावर वाळूची पिशवी, पंचवीस यार्डांवर प्लेट, मग पन्नासवर. प्रत्येक डब्याचे तीन बार. एकच बंदूक एका कंपनीची गोळी मध्यावर टाकते आणि दुसरीची सहा इंच डावीकडे. यात कंपनी वाईट नसते, तुमच्या नळीची ती आवड असते. जी जमली तिचेच आणखी डबे घ्यायचे, शक्यतो त्याच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेले, आणि रानात तीच न्यायची. नेम एका गोळीवर जुळवून पहाटे घाईत दुसरीच खिशात टाकणारे लोक मला माहीत आहेत.

माझ्या बंदुकीच्या दस्त्याला पांढरी पट्टी चिकटवलेली आहे. त्यावर पेनाने लिहिलंय: "पन्नास: बरोबर. पाऊणशे: दोन वर. त्यापुढे: बघत बस." गेल्या हंगामात ऐंशी-नव्वद यार्डांवर एक मोठा नर बराच वेळ उभा होता. मी बघत बसलो. डब्यात अजून चार काडतुसं आहेत, लॉट नंबर झाकणावर लिहून ठेवलाय. नोव्हेंबरात त्यांतली दोन कागदावर मारून बघायची आहेत.